बिनवासराची गाय

गेल्या सालच्या पोळ्याले आमच्या गावच्या तोरणाखाली बैलांच्या जोड्या उभ्या होत्या अन् त्यायच्या मधात एक मिक्सर.

मिक्सर मडावीभाऊचा. त्यानं तो दोन्ही हातांवर धरला होता, बारशाच्या लेकरासारखा. भांड्याले बेगड चिकटवलेली, झाकणाले गोंडा, अंगावर जुन्या लुंगीची झूल. वायरीचा कासरा करून टोक मनगटाले गुंडाळलं होतं, म्हणजे मिक्सर उधळला तं हातचा जाऊ नये. एका अंगाले माही जोडी, दुसऱ्या अंगाले पोलीस पाटलाची. माह्या डाव्या बैलानं मिक्सरचा वास घेतला अन् शिंकला.

पोलीस पाटील म्हणे, "मडावी, हे काय सोंग आणलं?"

"गाय आहे."

"पोळा बैलाचा असते."

"बैल का झाडाले लागते, पाटील? गायीच्याच पोटचा ना?"

पाटील तोरणाकडं वळला. म्हणे, "मंग झडती म्हणा." आमच्याकडं पोळ्यात जोडीवाले आपापल्या जोडीचं कवन ओरडून म्हणतेत, त्याले झडती म्हणतेत. पाटलाले वाटलं, आता फसला. पण मडावीभाऊ तयारीनंच आला होता. मिक्सर वर उचलून तो ओरडला,

"चारा नाई, दावं नाई, शेण नाई दारी,
बटन दाबा, दूध घ्या, गाय माही न्यारी."

लोकं पोट धरून बसले. बैल बुजले. पाटलानं घाईघाईनं तोरण तोडलं.

तोरण तुटलं का जोड्या घरोघर जातेत, घरची बाई बैलाचे पाय धुते, कुंकू लावते, घास देते. मडावीभाऊ सरळ माह्या दारात आला. माही बायको सायत्रा तवा आजारी होती, ओसरीवर गोधडी घेऊन बसे. ती उठली. दोन महिने जी भिंतीले धरल्याशिवाय उठत नोहती ती उठली, तांब्याभर पाणी आणलं अन् मिक्सरचे चारही रबरी पाय धुतले. कुंकू लावलं. झाकणावर पुरणपोळीचा तुकडा ठेवला.

मी म्हटलो, "येडी झाली का? पाणी आत जाईन, जळून जाईन ते."

तं म्हणे, "जे दूध देते त्याचे पाय धुवा लागते."

मी समजलो, दुखणं डोक्यात चढलं. पण ती हासून राह्यली होती, म्हणून मी तांब्या उचलून आत नेला.

दिवाळीनंतर धान कापणीले आला तवा सायत्रा मेली. लोकं "गेली" म्हणतेत. गेलेला माणूस बसनं परत येते. मी मेलीच म्हणतो.

आता तिचं वर्षश्राद्ध आलं, तं राजुऱ्याहून पोरीचा फोन. "बाबा, मायच्या पानाजवळ तिचा कप ठेवाचा आहे. काढून ठेवजा." तिचा कप म्हणजे पांढरा, निळ्या फुलाचा, कान तुटलेला. त्यातच ती चहा पे, पदरानं धरून. मी घर उलटंपालटं केलं. भांड्याची मांडणी पाह्यली, धानाची कोठी पाह्यली, तिची ट्रंक पाह्यली. कप नाई. पोरगी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारे, सापडला का? मी म्हणो, पाहून राह्यलो. आठ दिवस उरले होते. चाळीस वर्सं जे एक भांडं तिनं आपलं म्हटलं, ते मले सांभाळता आलं नाई, हे पोरीले कोणत्या तोंडानं सांगू?

त्या कपाचं काय झालं ते सांगतोच. पण त्याच्याआधी मडावीभाऊ काय चीज आहे हे सांगा लागते, नाईतं कपाचं तुमाले खरं वाटणार नाई.

आमच्या दोघांच्या अंगणात मधात फक्त बांबूचं कुंपण. मी चौथी पास. धान लावतो अन् म्हशीचं दूध गावच्या संकलन केंद्रावर घालतो, म्हणजे घालत होतो. मडावीभाऊ गुरांच्या दवाखान्यात परिचर होता, आता पेन्शनवर आहे. लग्न केलं नाई. काऊन केलं नाई विचारलं तं म्हणे, "दवाखान्यात रोज बाळंतपणं पाहो. हिंमत नाई झाली."

वासरू आडवं आलं का डॉक्टर बाजूले उभा राहे अन् मडावीभाऊ खांद्यापर्यंत हात घालून वासरू फिरवे. गावातल्या अर्ध्या गुरांनी दुनियेत आल्यावर पहिलं तोंड पाह्यलं ते मडावीभाऊचं. तरी काही गुरं चांगली निघाली.

एवढी गुरं हाताखालून गेली, पण दुधाचा थेंब त्यानं तोंडात घेतला नाई. तो गोंड. त्याच्या जुन्या लोकांत गाय पिळत नोहते. गायीचं दूध वासराचं, माणसानं घेतलं तं चोरी, अशी त्यायची रीत. आता त्याचे भाचे-पुतणे सगळे दुधाचा चहा पेतेत, पेढे खातेत. मडावीभाऊ एकटाच रीत धरून बसला. अन् शेजार मिळाला तो दूधवाल्याचा.

मी सकाळी म्हशीखाली बसलो का कुंपणापल्याडून आवाज ये, "डोमाभाऊ, वासराले विचारलं काय?"

डोमाभाऊ म्हणजे मी. पहिली चार-पाच वर्सं मले राग ये. मंग सवय झाली. मंग असं झालं का आवाज नाई आला तं म्हैस पान्हा सोडे ना.

हे "वासराले विचारलं काय" तो कुठीही लावे. रस्त्यासाठी मोहाचं झाड पाडाचं ठरलं तवा ग्रामसभेत हा उठला अन् म्हणे, "वासराले विचारलं काय?" तालुक्याचा साहेब नवा होता. तो टेबलाखाली वाकून पाहे, वासरू कुठी आहे म्हणून. माह्या पोरीचं लग्न जमवलं, पाहुण्यांसमोर सुपारी फोडाची, तं कुंपणापल्याडून तेच. पाहुणे गडबडले. सायत्रा मात्र उठून आत गेली अन् पोरीले विचारून आली. खरं सांगतो, तोपर्यंत पोरीले कोणी विचारलंच नोहतं. ती हो म्हणाली हे आमचं नशीब.

मडावीभाऊ आमच्याकडं आला का त्याच्यासाठी कोरा चहा. सायत्रा कप देता देता म्हणे, "मडावीभाऊचा चहा पाह्यला का वाटते, कोण मेलं ते इचाराव." कारण आमच्याकडं कोरा चहा मयतीच्या घरी करतेत. दुखवट्यात दूध घालत नाई. मडावीभाऊ फुर्र करून पे अन् म्हणे, "बाई, रोज कोणी ना कोणी मरतेच. मी सगळ्यायचाच पेऊन घेतो."

गेल्या साली मिरगात सायत्राचं पोट बिघडलं. ब्रह्मपुरीले नेलं. डॉक्टर म्हणे, आतडं कमजोर झालं, दूध बंद. मी विचारलं, "कोणतं दूध? पिशवीचं का म्हशीचं?" म्हणे, "सगळंच." आता ह्या माणसाले माही म्हैस काय माहीत. मी घरी आल्यावर तिले नेहमीसारखा चहा करून दिला. तीन दिवस ती न्हाणीतून बाहेर आली नाई. हे मी लिहून ठेवतो, कारण हे मी केलं.

मंग तिनं चहाच सोडला. कोरा घे म्हटलं तं म्हणे, "कोरा चहा मयतीच्या घरचा. मी जित्ती आहो अजून." सकाळी अन् चार वाजता, तिच्या दोन चहाच्या वेळा, ती भिंतीकडं तोंड करून बसे. दुखण्यानं नाई रडली, चहासाठी रडली. मी औषधाचं विचारलं, वैद्याकडून चूर्ण आणलं. चहाचं काय कराव हे मले सुचलं नाई. दूधवाल्याले दुधाशिवाय काय सुचणार?

त्याच हप्त्यात मडावीभाऊ चंद्रपूरले आपल्या भाचीकडं गेला. भाची नर्स आहे, तिच्या लेकराले दूध पचत नाई. येताना हा मिक्सर अन् ओटचे पुडे घेऊन आला. ओट म्हणजे चपटे दाणे, घोड्याले घालतेत ते, शहरात माणसंही खातेत. ते भिजवाचे, वाटाचे, फडक्यातून पिळाचे, का पांढरं पाणी निघते. त्याले दूध म्हणतेत.

मी म्हटलो, "मडावीभाऊ, असं तं तांदळाचंही निघते. त्याले आमी पेज म्हणतो."

"पेज टाकून कोणी चहा करते का? मी करून पाह्यला. चहाची पेजच होते. ओटचं वेगळं आहे." अन् अख्ख्या गावाले तो सांगत फिरला, "साठ वर्सं कोरा चहा पेलो. आता मले दुधाचा पेवाचा आहे. वासराचं दूध मले चालत नाई. हिले वासरू नाई. मंग हिचं दूध कोणाचं? ज्याले पाह्यजे त्याचं."

हिचं म्हणजे मिक्सरचं. तिचं नाव त्यानं चांदी ठेवलं.

चांदीचं दूध काढणं पाहाले लोकं येत. फडक्याची चार टोकं चार गाठी मारून तो आड्याले बांधे, मधात ओटचा लगदा, अन् गाठी खाली लोंबत. खाली पिढा घेऊन बसे, दोन गुडघ्यांत गुंड, म्हणजे घागरीसारखं भांडं, धरे, अन् एक गाठ डाव्या हातात, एक उजव्या हातात, असं पिळे. मधातच फडक्याले थोपटे, "हो, हो, उभी राह्य." उभ्या जन्मात ज्यानं गाय पिळली नाई तो फडकं पिळून राह्यला होता, अन् शिकला कुठून तं तीस वर्सं कुंपणातून मले पाहून.

मी पल्याडून म्हणो, "आंगठा दुमडू नका. गाठ सुजन."

"सुजली तं मी दवाखान्यातलाच आहो," तो म्हणे.

मंग एक दिवस केंद्रावर माह्या मागं लायनीत हा, हातात किटली. केंद्रावरच्या ठेंगऱ्यानं डिग्री मोजाची नळी त्यात सोडली. नळी तरंगली, वाकडी झाली अन् तशीच चिकटून राह्यली. मंग त्यानं फॅटच्या मशीनमधी थेंब टाकला. मशीन दोनदा ओरडली अन् बंद पडली.

ठेंगरे म्हणे, "कोणती म्हैस ही?"

"चांदी."

"गाभण आहे काय?"

"नाई, इजेवर चालते."

मागची लाईन खोळंबली होती, लोकं शिव्या देऊन राह्यले होते. मडावीभाऊ शांत. म्हणे, "मले घालाचं नाई दूध. मले फक्त सांगा, हे डोमाभाऊच्या म्हशीच्या बरोबरीले कसं येईन? फॅट वाढवाले काय कराव?"

ठेंगऱ्याले घाई होती. त्यानं सगळ्यायले सांगते तेच सांगतलं, "ढेप घाला."

आता कोणी समजदार माणूस असता तं हासून घरी गेला असता. पण मडावीभाऊनं तीस वर्सं दवाखान्यात हेच ऐकलं होतं: दूध पातळ, घाल ढेप. तो घरी गेला अन् सरकीची ढेप, म्हणजे पेंड, भिजवून ओटसंगं चांदीच्या पोटात घातली. मिक्सरनं असा आवाज काढला का माही म्हैस दावणीले उठून उभी राह्यली. जे दूध निघालं ते मातीच्या रंगाचं, अन् वास सरळ गोठ्याचा.

ढेपेनं नाई जमलं तं तीळ, तिळानं नाई तं शेंगदाणे, मंग जवस. शेवटी मोहाच्या टोळीचं तेल चमचाभर. टोळी म्हणजे मोहाची बी. ते तेल थंड झालं का थिजते. तं काय, दुधावर साय आली. मडावीभाऊ वाटीत साय घेऊन माह्या फाटकातून पळत आला, जसं काही चांदीले जुळं झालं.

"डोमाभाऊ, चाखा. तुमच्या म्हशीसारखं लागते का, एवढं सांगा."

मी वाटीकडं पाह्यलं नाई. म्हटलो, "माह्या घरात घोड्याच्या चाऱ्याचं धुवण येणार नाई. दूधवाल्याचं घर आहे हे. लोकं काय म्हणतीन?"

सायत्रा दारातून पाहून राह्यली होती. म्हणे, "मागच्यापेक्षा दाट आहे."

"तुले काय माहीत, मागचं कसं होतं?"

"दिसते ना," म्हणे, अन् आत गेली.

मडावीभाऊ वाटी घेऊन गेला. असा पडेल चेहरा मी त्याचा रिटायर झाला तवाही पाह्यला नोहता. मले वाटलं, जिरली.

त्या पावसाळ्यात आणखी एक कटकट होती, कुंपणाची. आमच्या न्हाणीच्या बाजूले बांबूच्या दोन पट्ट्या निघून भोक पडे. मी तार बांधो, चार दिवसांत पुन्हा भोक. मडावीभाऊची एक बकरी होती. मी त्याले फैलावर घेतलं, "बकरी बांधत जा."

"बांधतो."

"भोक तं छातीएवढ्या उंच आहे. एवढ्या वर बकरी कशी पोचते?"

"मागच्या पायावर उभी राह्यते. लय चाभरी आहे."

मी तीनदा बुजवलं, तीनदा बकरीनं तोडलं. सायत्रा म्हणे, "राहू द्या ना. हवा येते."

अन् ह्याच दिवसांत सायत्राले जरासक बरं वाटू लागलं. चार वाजता ती भिंतीकडं तोंड करेनाशी झाली. मी संध्याकाळचं दूध केंद्रावर घालून परत येओ, तं ओसरीवर बसून कोणाशी तरी बोलल्यासारखी खुश. मी समजलो, चूर्णाचा गुण. वैद्याले जाऊन कोंबडा देऊन आलो.

मंग ती मेली. कुंपणाचं भोक मी तेरवीच्या दिवशी बुजवलं, नवीन पट्ट्या, दुहेरी तार. पुन्हा कोणी तोडलं नाई. म्हैस पोरीच्या सासरी धाडून दिली. तेरवीपर्यंत घरात कोरा चहा, तेरवी झाली का लोकं दुधाचा सुरू करतेत. मी केला नाई. मडावीभाऊ तेरवीपर्यंत दोनदा येऊन बसला. सकाळचं ते वासराचं विचारणंही बंद. विचारणार काय, म्हैसच नोहती.

यंदाच्या पोळ्याले तो रिकाम्या हातानं आला. पाटलानं विचारलं, "गाय कुठी?"

"आटली," म्हणे.

पण आटलेल्या गायीचा आवाज मले रोज ऐकू ये. चार वाजले का पल्याड घर्रर्र. थोडा वेळ, अन् बंद. रोज. अन् गावातला एक पिवळा कुत्रा, जो गेल्या साली हाडाचा सापळा होता, तो असा फुगला का पोरंसोरं त्याले डुक्कर म्हणत.

कपाचं शोधणं सुरू होतं तवा एका दिवशी मी ओसरीवर ट्रंक तिसऱ्यांदा उलटी करून बसलो होतो, अन् पल्याड घर्रर्र सुरू झालं. माह्या डोक्यात तिडीक गेली. माह्या घरात माणूस मेलं, एक कप सापडत नाई, अन् ह्याचा तमाशा सुरूच. मी उठलो अन् फाटकातून त्याच्या घरात घुसलो.

"पोळ्यात सांगतलं, चांदी आटली. मंग हे रोज चार वाजता काय आहे?"

मडावीभाऊ हडबडून उठला अन् मांडणीसमोर उभा राह्यला. दोन्ही हात पाठीमागं. अशा वेळी माणूस काय लपवते हे सांगा लागत नाई.

"सरका," म्हटलं.

सरकला. मांडणीवर धुतलेल्या फडक्यावर सायत्राचा कप पालथा ठेवला होता. निळं फूल, तुटका कान.

मले आधी राग आला का काय झालं, सांगता येत नाई. म्हटलो, "हा कप इथी काऊन?"

तो पायाकडं पाहे. "बाईनं सांगतलं होतं, डोमाभाऊले सांगू नका."

"काय सांगू नका?"

"तुमी चार वाजता दूध घेऊन निघा. तुमची सायकल वळणावर गेली का कुंपणातून हा कप येत होता. मी चहा भरून देओ. ती तिकडून पे, मी इकडं कोरा पेओ. तुमी परत याच्या आत भोकात पट्टी लावून टाको, कधी राहून जाये."

"अन् बकरी?"

"बकरी गरीब होती," तो म्हणे. "उन्हाळ्यात मेली."

मी खाली पिढ्यावर बसलो. त्याच पिढ्यावर, ज्यावर बसून तो फडकं पिळे.

"मले सांगतलं असतं तं काय झालं असतं?"

"ती म्हणे, चाळीस वर्सं ह्या माणसानं मले आपल्या म्हशीचं दूध पाजलं. आता मी दुसऱ्याच्या दुधाचा चहा पेते हे समजलं तं तो जेवणार नाई." मंग म्हणे, "पण रोज सांगे, पातळ आहे, आमच्या म्हशीसारखं नाई. म्हणून मी केंद्रावर गेलो. ढेपेचाही पेला तिनं. म्हणे, गोठ्यात बसून पेल्यासारखा लागते."

"फेकला नाई?"

"नाई. म्हणे, गोठा मले आवडते."

मले पोळ्याचं ध्यानात आलं. चार रबरी पाय अन् तांब्याभर पाणी. अन् वैद्याच्या घरी गेलेला माहा कोंबडा.

मंग मी विचारलं, "तुमाले तरी आवडला का हा दुधाचा चहा? साठ वर्सं थांबले म्हणता."

"मले? थू. ओकारी येते. मी कोराच पेतो."

"मंग आता रोज कोणासाठी करता?"

त्यानं चांदीवरची झूल सरळ केली. तिच्यावर कुंकवाचा डाग अजून होता.

"चार वाजतेत ना," म्हणे.

दार उघडंच होतं. पिवळा कुत्रा येऊन उंबऱ्यावर बसला, त्याची वेळ झाली होती.

मी म्हटलो, "कप परत काऊन नाई दिला?"

"तेरवीच्या दुसऱ्या दिवशी घेऊन आलो होतो. तुमी भोक बुजवलं होतं."

"फाटक आहे ना, मडावीभाऊ."

"फाटकातून दिला असता तं सांगा लागलं असतं."

वर्षश्राद्धाले पोरगी आली. पान वाढलं, सगळं सायत्राच्या आवडीचं. पानाजवळ कप ठेवला, त्यात चहा, चांदीच्या दुधाचा. मडावीभाऊनं सकाळी फाटकातूनच आणून दिलं, ताजं, साय आलेलं. पोरगी चहा करता करता म्हणे, "बाबा, म्हैस तं आमच्याकडं आहे. हे कोणाचं दूध?"

"तुह्या मायचं," म्हटलं.

पोरीनं मले विचारलं नाई पुढं. तिले वाटलं असन, बापाचं दुखणं डोक्यात चढलं.

दुसऱ्या दिवशी पोरगी बसनं गेली. दुपारी मी कोयता घेतला अन् न्हाणीच्या बाजूची दुहेरी तार तोडली, दोन पट्ट्या काढल्या. भोक मोठं झालं, माहा हात तिच्यापेक्षा जाड आहे. चार वाजता पल्याड घर्रर्र झालं अन् थांबलं. मी कप घेऊन हात भोकातून पल्याड घातला अन् धरून राह्यलो.

पल्याड सामसूम. हात दुखाले लागला. मंग चपला वाजल्या, अन् थांबल्या.

"डोमाभाऊ, कुंपण कोणं तोडलं?"

"बकरीनं."

"माही बकरी तं मेली."

"मंग माही असन."

माह्याकडं बकरी नाई, हे त्याले माहीत आहे. कप जड झाला. मी हात अलीकडं घेतला, कान नाई म्हणून धोतराच्या सोग्यानं धरला, अन् एक घोट घेतला. वरसाभरात दुधाचा पहिला.

पल्याडून तो विचारे, "कसा आहे?"

"पातळ आहे," म्हटलं.

फडकं झटकल्याचा आवाज आला.

"उद्या ढेप टाकून पाहू," म्हणे.